मुलीच्या रिपोर्टमध्ये आरएनए हेलिकेज: डीडीएक्स३एक्स म्हणजे काय आणि पुढे काय करायचं

सोलापुरातल्या एका जोडप्याचा प्रश्न आहे. मुलगी साडेतीन वर्षांची. मान उशिरा धरली, चौदाव्या महिन्यात बसली, पावणेतीन वर्षांची झाल्यावर चालायला लागली. अंग सैल आहे, अजून पाच-सहाच शब्द बोलते. एक्सोम तपासणीत, म्हणजे जनुकांमधले प्रथिनांचे संकेत असलेले भाग वाचणाऱ्या चाचणीत, ‘डीडीएक्स३एक्स, हेटरोझायगस, लाइकली पॅथोजेनिक, एक्स-लिंक्ड’ असा निष्कर्ष आला आणि ‘हे जनुक आरएनए हेलिकेज बनवतं’ एवढंच सांगितलं गेलं. इंटरनेटवर त्याच नावापुढे मेंदूचा कॅन्सर दिसला. लग्न मामाच्या मुलीशी झालेलं, म्हणून घरातले दोष त्यालाच देतात. हेलिकेज म्हणजे काय, कॅन्सरचं काय, औषध आहे का आणि दुसऱ्या मुलाचा विचार करावा का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

लग्नाचा मुद्दा आधी, कारण तो रोजच्या रोज टोचत असणार. नात्यातल्या लग्नाने धोका वाढतो तो रिसेसिव्ह आजारांचा, म्हणजे ज्यांत एका जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असाव्या लागतात. नवरा-बायकोच्या सामायिक आजी-आजोबांपैकी एकाची बिघडलेली प्रत दोन्ही बाजूंनी खाली उतरते आणि बाळात जोडीने एकत्र येते. तुमच्या मुलीच्या रिपोर्टमध्ये ‘हेटरोझायगस’ लिहिलं आहे. दोन प्रतींपैकी एकच बदललेली आहे. असा बदल व्हायला आईवडील नात्यातले असावे लागत नाहीत. मुलींमधला डीडीएक्स३एक्सचा बदल बहुतेक वेळा आईतही नसतो, वडिलांतही नसतो; अंडपेशी किंवा शुक्रपेशी तयार होताना तो नव्यानेच घडतो. याला ‘डी नोव्हो’ म्हणतात. गरोदरपणातलं खाणं, प्रवास, ग्रहण पाळलं की नाही, यांतल्या कशाचाही त्याच्याशी संबंध नाही. हा परिच्छेद घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा.

आता हेलिकेज. सोलापूरकरांना सुताचा स्वभाव समजावून सांगायला नको. लडीतून सुटलेलं सूत ताणाशिवाय सैल सोडलं की स्वतःभोवतीच पीळ खातं, गाठी बसतात आणि मागावर चढवायच्या लायकीचं राहत नाही. आरएनएचा धागा असाच एकेरी आणि चिकट. त्याच्यावरची ‘ए’ अक्षरं ‘यू’शी आणि ‘जी’ अक्षरं ‘सी’शी जोड्या जमवतात, त्यामुळे धागा स्वतःवरच दुमडून फास आणि गाठी तयार होतात. जनुकातला संदेश आरएनएवर उतरतो, रायबोसोम तो वाचतं आणि त्यानुसार प्रथिन बनवतं. संदेशाच्या सुरुवातीलाच गाठ असेल, तर रायबोसोम तिथेच अडतं. ती गाठ एटीपीची, म्हणजे पेशीतल्या इंधनाची, ऊर्जा वापरून सोडवणारी प्रथिनं म्हणजे आरएनए हेलिकेज. माणसाच्या पेशीत अशी साठ-सत्तर वेगवेगळी हेलिकेज आहेत.

ती सगळी एकाच पद्धतीने काम करत नाहीत. काही हेलिकेज धाग्यावरून एका दिशेने सरकत जातात आणि वाटेतली प्रत्येक जोडी उसवतात. डीडीएक्स३एक्स ज्या गटात येतं तो ‘डेड-बॉक्स’ गट सरकत नाही. गाठ दिसली की ती तिथल्या तिथे चिमटीत धरायची, धागा किंचित वाकवायचा, दहा-बारा जोड्या सुटल्या की सोडून द्यायचा. प्रथिनाचे दोन गोल भाग असतात. एटीपी आणि आरएनए दोन्ही आले की ते भाग एकमेकांवर मिटतात आणि तेवढ्यानेच गाठ सैल होते. एटीपी तुटतं ते त्यानंतर, धागा सोडून मोकळं होण्यासाठी. हा बारकावा लक्षात ठेवा. काही बदलांत हेलिकेज कामालाच येत नाही. काहींत ते धाग्याला धरतं आणि सोडतच नाही. दुसऱ्या प्रकारात ते शेजारच्या चांगल्या हेलिकेजच्याही वाटेत उभं राहतं, म्हणून नुकसान जास्त.

‘डेड’ या शब्दाने पालक हमखास घाबरतात. त्याचा मृत्यूशी काही संबंध नाही. ॲस्पार्टिक ॲसिड, ग्लुटामिक ॲसिड, ॲलनिन आणि पुन्हा ॲस्पार्टिक ॲसिड या चार अमिनो आम्लांची इंग्रजी आद्याक्षरं एकापुढे एक ठेवली की तो शब्द बनतो. या गटातल्या प्रथिनांमध्ये ही चौकडी सारखीच सापडते, म्हणून १९८९ मध्ये गटाला ते नाव पडलं. डीडीएक्स३एक्समध्ये ती ३४७ ते ३५० या जागांवर आहे.

डीडीएक्स३एक्स ६६२ अमिनो आम्लांचं प्रथिन आहे आणि त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. ज्या संदेशांची सुरुवात लांबलचक आणि गाठींची असते, त्यांचं वाचन सुरू करून देणं हे त्याचं मोठं काम. गर्भातल्या मेंदूत मूळ पेशींपासून चेतापेशी बनताना असे संदेश वेळेवर वाचले जावे लागतात. ते रखडले की चेतापेशी कमी आणि उशिरा तयार होतात, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. मुलींमध्ये दोन एक्सपैकी एक गुणसूत्र बहुतेक ठिकाणी बंद केलं जातं, पण डीडीएक्स३एक्स त्या बंदीतून निसटतं. दोन्ही प्रती चालू राहतात आणि शरीराला दोन्ही लागतात. म्हणूनच एक प्रत बिघडली तरी परिणाम दिसतो. मुलग्यांकडे एकच एक्स असल्याने ही प्रत पूर्ण बंद पाडणारा बदल त्यांना सहसा पेलत नाही. ज्या मुलग्यांमध्ये आजार दिसतो त्यांच्यातला बदल सौम्य आणि बहुतेकदा आईकडून आलेला असतो.

हा आजार म्हणून ओळखला गेला २०१५ मध्ये, ३८ मुलींच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासातून. ज्या मुलींच्या बौद्धिक अक्षमतेचं कारण सापडत नव्हतं, त्यांच्यापैकी १ ते ३ टक्के मुलींमध्ये हेच जनुक निघालं. दुर्मिळ आजारांच्या हिशेबात हे प्रमाण मोठं आहे. २०२० मध्ये शंभराहून जास्त मुलींचा अभ्यास झाला आणि बदल कुठे आणि कोणत्या प्रकारचा आहे यावर तीव्रता काही अंशी अवलंबून असते, हे स्पष्ट झालं. म्हणून रिपोर्टमधली ‘पी.’ने सुरू होणारी नोंद शोधा. ती बदललेल्या अमिनो आम्लाची जागा सांगते. हेलिकेजचा गाभा साधारण २११ ते ५७५ या जागांमध्ये आहे. नोंदीच्या शेवटी ‘टर’, फुली किंवा ‘एफएस’ असेल, तर ती प्रत अर्धवट राहून निकामी झाली आणि दुसरी, चांगली प्रत एकटी काम ओढते आहे. एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरं आलं असेल तर तो ‘मिसेन्स’. तिथे अंदाज बांधणं अवघड. काही मिसेन्स बदल सौम्य असतात. काही, उदाहरणार्थ ५३२व्या जागी थ्रिओनिनऐवजी मेथिओनिन, जास्त जड जातात. त्यांत मेंदूच्या पृष्ठभागावर बारीक बारीक जादा वळ्या आढळल्या आहेत. जागा पाहून मुलगी किती शिकेल, किती बोलेल याचं भाकीत मात्र करू नका, कोणी केलं तर त्यावर विसंबू नका. एकच बदल असलेल्या दोन मुलींमध्येही फरक दिसतो.

कॅन्सरची भीती. इंटरनेटवर दिसलं ते खोटं नाही, पण ते तुमच्या मुलीबद्दल नाही. मेड्युलोब्लास्टोमा या लहान मुलांमधल्या मेंदूच्या गाठीत आणि काही प्रकारच्या लिम्फोमात, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरमध्ये, डीडीएक्स३एक्सचे बदल सापडतात. ते गाठीच्या पेशींत, आयुष्यात नंतर, इतर बदलांच्या जोडीने घडलेले असतात. त्या रुग्णाच्या बाकी शरीरातलं जनुक ठीक असतं. तुमच्या मुलीतला बदल जन्मापासून प्रत्येक पेशीत आहे. जनुक तेच, पण गोष्ट वेगळी. अशा मुलींना त्या कॅन्सरसाठी ठरावीक काळाने स्कॅन करत राहण्याची शिफारस नाही. सतत डोकं दुखणं, सकाळच्या उलट्या, चाल अचानक बिघडणं अशी लक्षणं दिसली तर डॉक्टरांना दाखवायचंच, जसं कोणत्याही मुलाला दाखवाल.

गोंधळ होतो तो इथेच. हेलिकेज हे आजाराचं नाव नाही, कामाचं नाव आहे. हेलिकेजच्या घराण्यातला कोणता सदस्य बिघडला, बदल जन्मजात की नंतरचा, काम कमी झालं की वाढलं, एक प्रत गेली की दोन्ही, हे कळल्याशिवाय ‘हेलिकेजचा आजार’ या शब्दांना काही अर्थ नाही. एकाच घराण्यात किती उलटसुलट गोष्टी घडतात ते पाहण्यासारखं आहे.

आयएफआयएच१ या जनुकाचं प्रथिन एमडीए५. विषाणू पेशीत शिरला की त्याचा लांब, दुहेरी आरएनए ओळखून इंटरफेरॉनची, म्हणजे विषाणूविरुद्ध इशारा देणाऱ्या प्रथिनाची, घंटा वाजवणं हे त्याचं काम. ते निकामी असेल तर साध्या सर्दीच्या विषाणूनेही बाळ अतिदक्षता विभागात जाऊ शकतं. तेच प्रथिन अति चढलं, तर विषाणू नसतानाच घंटा वाजत राहते. त्यातून एकार्डी-गुटिएरेस सिंड्रोम होतो: मेंदूत कॅल्शियमचे ठिपके, स्नायू ताठ, हातापायांच्या बोटांवर थंडीत उठणारे लाल-जांभळे चट्टे. पहिल्याला संसर्गापासून जपायचं, दुसऱ्याच्या इंटरफेरॉनला लगाम घालायचा. त्यासाठी बॅरिसिटिनिबसारखी जेएके रोधक औषधं वापरली जातात. दोघांच्या रिपोर्टवर जनुकाचं नाव एकच असेल आणि उपचार मात्र उलटे. नुसत्या नावावरून औषध सुरू करणं किती धोक्याचं आहे, हे यावरून कळावं.

याच एमडीए५चा तिसरा अवतार सोलापूरच्या डॉक्टरांनी आणि रुग्णांनी खास लक्षात ठेवावा असा आहे. मोठ्या माणसांच्या एका प्रकारच्या डर्मॅटोमायोसायटिसमध्ये, म्हणजे त्वचा आणि स्नायूंच्या दाहाच्या आजारात, शरीर एमडीए५विरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. इथे जनुक ठीक असतं, आजार जन्मजात नसतो. तळहातावर, बोटांच्या सांध्यांवर दुखरे फोड किंवा व्रण उठतात, ताप येतो, आणि काही आठवड्यांत धाप वाढत जाते. यंत्रमागावर किंवा सूतगिरणीत काम करणाऱ्याला खोकला-धाप असली की आधी कापसाची धूळ आठवते, मग क्षय. दोन्हींचा विचार रास्तच आहे. पण धाप आठवड्यागणिक वाढते आहे, हाताला व्रण आहेत आणि सीपीके, म्हणजे स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी, नॉर्मल आहे, तर ‘सीपीके नॉर्मल म्हणजे स्नायूंचा आजार नाही’ असं म्हणून थांबू नये. या प्रकारात स्नायू शाबूत आणि फुप्फुसं ढासळतात. छातीचा एचआरसीटी, फेरिटिन आणि मायोसायटिस पॅनेलमधली अँटी-एमडीए५ तपासणी त्याच आठवड्यात व्हायला हवी. लाइन ब्लॉट, म्हणजे पट्टीवर रेघ उमटणाऱ्या पद्धतीत पुसट पॉझिटिव्ह आलं तर ते लक्षणांशी ताडून पाहावं, एकट्या त्या पट्टीवर निदान ठोकू नये.

तुमचं लग्न नात्यातलं असल्याने हेलिकेजच्या घराण्यातले रिसेसिव्ह सदस्यही ओळखून ठेवा. आपल्या भागात मराठी, कन्नड, तेलुगू अशा अनेक घरांत मामा-आत्याच्या घरी सोयरीक होते, तिथे या आजारांची माहिती उपयोगी पडेल. आयजीएचएमबीपी२च्या दोन्ही प्रती बिघडल्या तर सहा आठवडे ते सहा महिने या वयात बाळाचा श्वासपटल लुळा पडतो. एक्स-रेमध्ये तो वर चढलेला दिसतो. स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी या स्नायू दुबळे करणाऱ्या आजाराची नेहमीची एसएमएन१ तपासणी निगेटिव्ह येते आणि शोध तिथेच थांबतो. तो थांबू नये. या जनुकाची तपासणी वेगळी मागावी लागते. दुसरा सदस्य सेटएक्स. याच्या दोन्ही प्रती गेल्या तर दहा ते वीस वर्षांच्या वयात तोल जायला लागतो, नंतर हातापायांच्या नसा कमजोर होतात. रक्तातलं एएफपी (अल्फा-फीटोप्रोटीन) वाढलेलं असतं. एएफपी वाढलं की यकृताच्या गाठीचा शोध सुरू होतो. तोल जाणाऱ्या तरुणात ते याच आजाराचं चिन्ह असू शकतं, आणि तपासणी स्वस्त आहे. याच सेटएक्सच्या एका प्रतीत वेगळ्या जागी बदल झाला तर हळूहळू वाढणारा, एएलएसच्या प्रकारातला, स्नायू हलवणाऱ्या चेतापेशींचा आजार होतो. पुन्हा तेच: नाव एक, आजार दोन.

साठीनंतर रक्तपेशी कमी होत जाणाऱ्या माणसांत डीडीएक्स४१ आठवावं. जन्मजात एक प्रत बिघडलेली असते, आयुष्यभर त्रास नसतो, उतारवयात दुसऱ्या प्रतीतही बदल होतो आणि एमडीएस (अस्थिमज्जेत रक्तपेशी नीट न बनण्याचा आजार) किंवा तीव्र ल्युकेमिया उद्भवतो; पुरुषांत जास्त. इथे चुकू नये ती गोष्ट म्हणजे बोन मॅरोचा दाता. भाऊ जुळतो म्हणून तोच निवडला आणि त्याच्यातही तोच जन्मजात बदल निघाला, तर बिघडलेलंच बियाणं पुन्हा पेरल्यासारखं होतं. दात्याची डीडीएक्स४१ तपासणी प्रत्यारोपणाआधी व्हावी. बदल जन्मजात आहे का हे पाहायला रक्त किंवा लाळ चालत नाही, दोन्हींत आजारी रक्तपेशी मिसळलेल्या असतात. त्वचेच्या छोट्या तुकड्यातून वाढवलेल्या पेशी लागतात.

आणि डीडीएक्स३एक्सचाच भाऊ वाय गुणसूत्रावर बसला आहे, डीडीएक्स३वाय. वायच्या एझेडएफए या भागात तो असतो. हा भाग पूर्ण गळाला असेल तर वृषणात शुक्रपेशी तयार होत नाहीत आणि शस्त्रक्रियेने शोधूनही मिळत नाहीत. वीर्यात शुक्रजंतू शून्य असतील तर वृषणातून ते काढण्याच्या शस्त्रक्रियेला हो म्हणण्याआधी वाय मायक्रोडिलीशनची रक्ततपासणी करा. एझेडएफए पूर्ण गेलेला निघाला तर शस्त्रक्रिया, खोटी आशा आणि मोठा खर्च तिन्ही टळतात.

या भावामुळे एक तांत्रिक घोळही होतो. दोन्ही प्रथिनं ९० टक्क्यांहून जास्त सारखी आहेत. मुलग्याच्या एक्सोममध्ये वायवरचे तुकडे चुकून एक्सवर बसवले जाऊ शकतात. म्हणून मुलग्याच्या रिपोर्टमध्ये डीडीएक्स३एक्स ‘हेटरोझायगस’ दिसलं तर आधी शंका घ्यायची: एकच एक्स असताना अर्धा बदल कसा? एकतर वाचनाची चूक, नाहीतर मोझेइक, म्हणजे काही पेशींतच बदल. तुमच्या मुलीला हा प्रश्न लागू नाही.

तुमच्यासाठी आता पहिलं काम: तुम्हा दोघांची तपासणी. ‘लाइकली पॅथोजेनिक’ म्हणजे पुरावा बळकट आहे, पण अजून पूर्ण नाही. नेमका तोच बदल आई आणि वडील दोघांमध्ये सँगर पद्धतीने, म्हणजे जनुकाचा तेवढाच तुकडा वाचून, तपासायचा. संपूर्ण एक्सोम पुन्हा करायची गरज नाही, आणि खर्चही त्या मानाने फार कमी येतो. दोघांतही बदल नसेल तर तो डी नोव्हो ठरतो आणि वर्गवारी बहुतेकदा ‘पॅथोजेनिक’वर जाते. आईत निघाला तर चित्र बदलतं. मग आईच्या भावंडांपर्यंत विचार करावा लागतो.

प्रत्येकी ३ मिली रक्त, जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत. हिरव्या टोपणाची हेपॅरिनची नळी चालत नाही, हेपॅरिन पीसीआरमध्ये अडथळा आणतं. नळी भरल्यावर आठ-दहा वेळा हळुवार उलटीसुलटी करायची, हलवून फेस करायचा नाही. नीट मिसळलं नाही तर रक्ताच्या गुठळ्या होतात आणि नमुना परत येतो. नळीवर नाव, जन्मतारीख आणि वेळ नळी भरल्याबरोबर लिहा. आई-वडिलांच्या नळ्यांची अदलाबदल ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो, आणि कुरिअरची गाडी दुपारभर उन्हात उभी राहते. थर्माकोलच्या डब्यात थंड जेल पॅक ठेवा, पण नळी पॅकला चिकटू देऊ नका, मध्ये कागदाची घडी घाला. रक्त बर्फासारखं गोठलं तर पेशी फुटतात. शनिवारी पाठवू नका. सोमवार ते बुधवार पाठवलं की सुट्टीत नमुना पडून राहत नाही.

बदल एक्सॉनच्या, म्हणजे जनुकातल्या संदेशाच्या तुकड्याच्या, सीमेवर असेल तर प्रयोगशाळा आरएनए मागू शकते. त्यासाठी पॅक्सजीन नावाची वेगळी नळी लागते, २.५ मिली रक्ताची. ती १८ ते २५ अंशांत तीन दिवस आणि फ्रिजमध्ये पाच दिवस टिकते. मे महिन्यात खोलीचं तापमान २५ च्या खाली नसतं, म्हणून ती काढल्यावर दोन तासांनी सरळ फ्रिजमध्ये. साध्या ईडीटीए नळीतलं रक्त आरएनएसाठी देऊ नका, प्रवासात संदेश तुटून जातात आणि ‘आरएनए कमी मिळालं’ असं उत्तर येतं.

प्रयोगशाळेला आणखी एक विचारा. नात्यातल्या लग्नात एका मुलात दोन वेगळी कारणं एकत्र असण्याची शक्यता थोडी जास्त असते. एक सापडलं की नजर तिथेच थांबते. दोन्ही प्रती सारख्या असलेल्या भागांत दुसरा काही पॅथोजेनिक बदल आहे का, हे त्याच डेटात पुन्हा पाहून द्यायला सांगा. कच्चा डेटा, म्हणजे ‘फास्टक्यू’ किंवा ‘बॅम’ फाइल, मागून स्वतःकडे हार्ड डिस्कवर ठेवा. दोन-तीन वर्षांनी त्याचंच पुनर्विश्लेषण करता येतं.

समुपदेशनासाठी जनुकीय आजारांचा तज्ज्ञ, म्हणजे मेडिकल जेनेटिसिस्ट गाठा. दुर्मिळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणातल्या केंद्रांपैकी मुंबईचं केईएम आणि हैदराबादचं सीडीएफडी-निम्स ही दोन सोलापूरहून रेल्वेने जाण्यासारखी आहेत. पुण्यातही तज्ज्ञ आहेत. जाताना रिपोर्ट, एमआरआयची फिल्म नव्हे तर सीडी, आणि मुलीचे चालतानाचे-खेळतानाचे मोबाइलवरचे व्हिडिओ न्या. नव्या खोलीत मूल बुजतं, व्हिडिओत खरं दिसतं.

मुलीच्या तपासण्या. मेंदूचा एमआरआय झाला नसेल तर करा. दोन अर्धगोलांना जोडणारा कॉर्पस कॅलोसम अनेकदा पातळ किंवा अपुरा असतो. हृदयाचा एको एकदा. डोळे तपासा, तिरळेपणा आणि चष्म्याचा नंबर दोन्हींसाठी. ऐकण्यासाठी बेरा, कारण बोलणं उशिरा आलेल्या मुलीला नीट ऐकू येतं हे गृहीत धरायचं नाही. एकटक पाहत राहणं, झोपेत अंग झटकणं असं दिसलं तर ईईजी. बद्धकोष्ठता आणि लाळ गळणं नेहमीचं आहे, त्यावर उपचार होतात. पाठीचा कणा दर भेटीला पाहायचा, वाढीच्या वयात तो वाकू शकतो. सहा-सात वर्षांपासून वयात येण्याची चिन्हं लवकर दिसतात का याकडे लक्ष ठेवा. आठव्या वर्षाआधी स्तनांची वाढ दिसली तर बाल-हार्मोन तज्ज्ञांना दाखवा, त्यावर उपचार आहेत. शिकलेलं एखादं कौशल्य मागे पडायला लागलं तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका.

थेरपी आजपासून, पुष्टीची वाट न पाहता. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, स्पीच थेरपी. आठवड्यातून दोनदा केंद्रात जाणं पुरत नाही. थेरपिस्टकडून घरी करायच्या तीन-चार कृती लिहून घ्या आणि जेवण, अंघोळ, खेळ यांत मिसळा. बोलणं यावं म्हणून चित्रांची कार्डं आणि खुणा वापरा. कार्डांमुळे मूल आळशी होतं आणि बोलत नाही, हा समज चुकीचा आहे. कार्डांमुळे चिडचिड कमी होते आणि शब्दांना वाट मिळते. घरात जी भाषा बोलता तीच तिच्याशी बोला, शाळेसाठी इंग्रजीवर उडी मारू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, त्यांच्याकडून शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे चिठ्ठी मिळते. दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढा. पाच वर्षांखालच्या मुलांना प्रमाणपत्र विकासातील विलंबाच्या आधारे आणि ठरावीक मुदतीचं मिळतं, नंतर नूतनीकरण करावं लागतं. बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या ‘निरामय’ विम्यात एक लाख रुपयांपर्यंत खर्च मिळतो, थेरपीचाही काही भाग त्यात येतो.

औषध? डीडीएक्स३एक्सचं काम परत आणणारं मान्यताप्राप्त औषध आज नाही. अडचण मात्रेची आहे. प्रथिन कमी पडलं तर आजार होतो, म्हणून ते मेंदूच्या योग्य पेशींत योग्य प्रमाणातच पोहोचवावं लागेल, आणि मेंदूची बरीच घडण गर्भातच होऊन गेलेली असते. जिथे बिघडलेलं प्रथिन धाग्याला अडकून बसतं, तिथे नुसतं चांगलं प्रथिन वाढवून भागणारही नाही. कॅन्सरमध्ये हेलिकेज रोखणारी औषधं चाचण्यांत आहेत, उदाहरणार्थ ईआयएफ४ए रोखणारं झोटाटिफिन. त्यांचा तुमच्या मुलीशी संबंध नाही, तिला हेलिकेज कमी करायचं नाही. आकडी, झोप, बद्धकोष्ठता यांची नेहमीची औषधं मात्र जरूर द्यायची. स्टेम सेलची इंजेक्शनं सांगणारे भेटतील, पॅकेज लाखांचं असेल. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताशी संबंधित ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेल हा उपचार नाही, मान्यताप्राप्त चाचणीबाहेर तो देता येत नाही, आणि चाचणीत भाग घेण्यासाठी रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत. पैसे मागितले की तिथून उठा. ते पैसे थेरपीत घाला.

दुसरं मूल. तुम्हा दोघांच्या रक्तात बदल नसेल तर पुन्हा तेच होण्याची शक्यता साधारण एक टक्का धरतात. ती शून्य नसते, कारण आई किंवा वडिलांच्या काही बीजपेशींमध्ये बदल लपलेला असू शकतो आणि रक्तात दिसत नाही. आईत बदल निघाला तर प्रत्येक गरोदरपणात तो बाळाकडे जाण्याची शक्यता निम्मी. याशिवाय नात्यातल्या लग्नामुळे रिसेसिव्ह आजारांचा वेगळा धोका आहेच, म्हणून दोघांची कॅरियर तपासणी (स्वतःला त्रास नसताना कोणत्या रिसेसिव्ह आजाराची बिघडलेली प्रत आहे का, याची) या वेळीच करून घ्या.

गर्भतपासणी करायची असेल तर मुलीतला नेमका बदल लिहिलेला कागद लागतो, ‘डीडीएक्स३एक्स आहे’ एवढं सांगून प्रयोगशाळा काम करू शकत नाही. अकरा ते तेरा आठवड्यांत वारेचा नमुना किंवा सोळा आठवड्यांनंतर गर्भजल. निकालाला दोन-तीन आठवडे धरा. म्हणून गरोदर राहण्याआधीच आई-वडिलांची तपासणी पूर्ण करून घ्यायची, पाळी चुकल्यावर धावाधाव करायची नाही. एक्स-लिंक्ड आजारासाठी गर्भाची जनुकीय तपासणी पीसीपीएनडीटी कायद्यात बसते, पण नोंदणीकृत केंद्रातच, लेखी संमतीने, आणि बाळाचं लिंग सांगितलं जाणार नाही. रिपोर्टवर फक्त ‘बदल आहे’ किंवा ‘बदल नाही’ एवढंच लिहून येतं. आईच्या पेशी नमुन्यात मिसळल्या तर उत्तर चुकू शकतं, म्हणून गर्भाच्या नमुन्यासोबत आईच्या रक्ताची एक नळी पाठवायची आणि ‘मॅटर्नल सेल कंटॅमिनेशन’ची तपासणी फॉर्मवर खूण करून मागायची.